परमिट कुणाला लागतं, ते आधी बघ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा संशोधनाचा आराखडा, दोन्ही वाचलं. इस्रायल-पॅलेस्टाइनमध्ये साधी माणसं शांततेसाठी जे काही करतात त्यावर काम करायचं तू नक्की केलंयस आणि त्यासाठी काही महिने तिकडे राहायची तयारीही चालवली आहेस, हे चांगलं झालं. घरचे घाबरले असतील. त्यांना माझा नंबर दे, मी बोलेन. पण पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "बाई, ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आणि गाझात जे झालं त्यानंतर या सगळ्याला काही अर्थ उरलाय का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात मला देता येणार नाही. कुणी तसं देत असेल, तर त्याच्या मुलाखतीत फार वेळ घालवू नकोस.

आराखड्यात एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. त्यात संवाद, विश्वास, सहवेदना जागोजागी आहेत. परमिटचा उल्लेख मात्र एकदाही नाही. १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसाला इस्रायलमध्ये किंवा पूर्व जेरुसलेममध्ये जायचं तर इस्रायली लष्करी प्रशासनाचं परमिट लागतं. कामासाठी वेगळं, दवाखान्यासाठी वेगळं, नमाजासाठी वेगळं. ते मिळेलच असं नाही, मिळालेलं कधी रद्द होईल याचा नेम नाही, आणि नाकारलं तर कारण बहुतेक वेळा 'सुरक्षा' एवढंच. उलट तेल अवीवचा माणूस वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या मेव्हण्याकडे मनात येईल तेव्हा गाडी काढून जातो. त्याला कायद्याने मनाई आहे ती फक्त इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारातल्या 'अ' क्षेत्रात, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाकडे असलेल्या रामल्ला, नाब्लुस, जेनिन अशा शहरांत. वेशीवर तीन भाषांतले लाल फलक दिसतील तुला. मग दोघांनी भेटायचं कुठे? बेथलेहेमला लागून असलेल्या बेत जालाच्या टेकडीवर काही जागा 'क' क्षेत्रात, म्हणजे थेट इस्रायलच्या ताब्यातल्या भागात पडतात, तिथे दोघंही येऊ शकतात. म्हणून कितीतरी गुप्त आणि उघड बैठका तिथेच होत आल्या. चर्चेला तोंड फुटायच्या आधीच राजकारण तिथे येऊन बसलेलं असतं. तेव्हा कुठल्याही बैठकीत गेलीस की वहीत पहिली नोंद ही कर: कोण कसं आलं, किती वाजता घरून निघालं, परत कसं जाणार. बाकीचं सगळं त्यानंतर.

'कॉम्बॅटंट्स फॉर पीस'चंच बघ. पॅलेस्टिनी प्रदेशात लष्करी सेवा करायला नकार दिलेले इस्रायली राखीव सैनिक आणि इस्रायली तुरुंगात शिक्षा भोगून आलेले पॅलेस्टिनी यांची ही संघटना २००६ मध्ये उघडपणे सुरू झाली. इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी योम हझिकारोन असतो, युद्धांत आणि हल्ल्यांत मेलेल्यांचा स्मृतिदिन. सायरन वाजला की हमरस्त्यावरच्या गाड्या थांबतात, माणसं खाली उतरून मान खाली घालून उभी राहतात. एवढ्या हळव्या दिवशी या लोकांनी एक संयुक्त कार्यक्रम सुरू केला. इस्रायली आई आणि पॅलेस्टिनी बाप एकाच व्यासपीठावरून आपापल्या गेलेल्या लेकरांबद्दल बोलतात. सुरुवातीला थोडेसे लोक यायचे, पुढे हजारोंनी यायला लागले. २०१८ मध्ये संरक्षणमंत्री आविग्दोर लिबरमन यांनी पॅलेस्टिनी सहभागींना परमिट नाकारलं. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने प्रवेश द्यायला लावला. २०१९ मध्ये पुन्हा तोच प्रकार, पुन्हा न्यायालय. २०२३ मध्ये मंत्री योआव गॅलंट, निर्णय तोच, निकालही तोच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर परमिटंच बंद पडली आणि पुढच्या वर्षीचा कार्यक्रम आधी चित्रित करून दाखवावा लागला. २०२५ मध्ये रानाना शहरातल्या एका सिनेगॉगमध्ये लोक तो पडद्यावर बघत बसले होते, तर बाहेर जमाव जमला आणि दगड आले.

आमच्याशी बोलायला पलीकडे कुणी माणूसच नाही, असं इस्रायली नेते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. बोलायला निघालेल्या माणसाला नाक्यावर अडवणाऱ्या सह्याही त्यांच्याच कचेऱ्यांतल्या. ही विसंगती तुझ्या प्रबंधाच्या मध्यभागी हवी, तळटीपेत नको.

आणि हे एकाच बाजूचं आहे असंही समजू नकोस. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, गाझातल्या रामी अमान या कार्यकर्त्याने इस्रायली तरुणांशी झूमवर गप्पांचा कार्यक्रम ठेवला. दोन तास बोलले सगळे. गाझावर सत्ता असलेल्या हमासने त्याला अटक केली आणि काही महिने डांबून ठेवलं. गुन्हा काय, तर शत्रूशी संबंध. तिथे कागदी परमिट नव्हतं, पण बोलायला परवानगी लागते हे त्यांनीही बजावून सांगितलं. म्हणूनच मी म्हणते की परमिटचा धागा धर. तो दोन्हीकडच्या सत्तेपर्यंत नेतो.

रामी एल्हानान आणि बस्साम आरामिन यांची नावं तुझ्या यादीत सगळ्यात वर आहेत. साहजिक आहे, ही जोडी जगभर फिरली आहे. रामींची मुलगी स्मदार सप्टेंबर १९९७ मध्ये जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावरच्या आत्मघाती स्फोटात गेली. बस्सामची दहा वर्षांची अबीर जानेवारी २००७ मध्ये अनातामध्ये शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने गेली. दोघंही 'पेरेंट्स सर्कल'मध्ये आहेत. आपलं माणूस या संघर्षात गमावलेल्या दोन्हीकडच्या कुटुंबांची ही संघटना यित्झाक फ्रँकेंथाल यांनी १९९५ मध्ये सुरू केली. त्यांचा मुलगा आरिक हमासने मारला होता. आज सहाशेहून अधिक कुटुंबं तिच्यात आहेत. यांची भाषणं ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, तुझ्याही येईल, येऊ दे. पण घरी आल्यावर वहीत दुसरी बाजू लिही. स्मदारच्या मृत्यूनंतर देशाची सगळी यंत्रणा मारेकऱ्यांच्या मागे लागली. अबीरच्या बाबतीत फौजदारी खटलाच उभा राहिला नाही. बस्साम आणि त्याची बायको दिवाणी न्यायालयात लढत राहिले, तेव्हा २०१० मध्ये जेरुसलेमच्या जिल्हा न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. दुःख सारखंच, पण दाद मागायची दारं सारखी नाहीत. हे खुद्द रामीच प्रत्येक भाषणात सांगतात, ऐकणारे मात्र मिठी तेवढी लक्षात ठेवतात. याच संघटनेचे इस्रायली शाळांमधले तास २०२३ मध्ये शिक्षण खात्याने अडवले, हेही टिपून ठेव.

आता मला मनापासून आवडणाऱ्या कामाबद्दल. युव्हाल रोथ हा सुतारकाम करणारा माणूस. त्याचा भाऊ उदी १९९३ मध्ये हमासने मारला. 'पेरेंट्स सर्कल'मधल्या एका पॅलेस्टिनी सदस्याने त्याला विचारलं, माझ्या भावाला हैफाच्या रुग्णालयात न्यायचंय, नाक्यापासून पुढे टॅक्सी परवडत नाही, सोडशील का? याने सोडलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. त्यातून 'रोड टू रिकव्हरी' उभी राहिली. आज शेकडो इस्रायली स्वयंसेवक स्वतःच्या गाड्या घेऊन पहाटे नाक्यांवर उभे असतात. तुला जमलं तर एक दिवस एखाद्या ड्रायव्हरसोबत जा, दहा परिसंवादांपेक्षा जास्त कळेल. उजाडायच्या आत गाडी नाक्याबाहेर लागते. आतून गजांच्या फिरत्या दारातून एक बाई येते, कडेवर केमोथेरपी चालू असलेलं पोर. पुष्कळदा ती आई नसते, आजी असते. कारण तरुण आईबापांना सोबतीचं परमिट नाकारलं जातं आणि म्हातारीला मिळतं. ड्रायव्हरला अरबी येत नाही, आजीला हिब्रू नाही. मधला समन्वयक फोनवर सांगतो, अमुक इमारत, अमुक मजला. तासभराच्या प्रवासात कुणी शांततेबद्दल अवाक्षर काढत नाही. पोर झोपतं. रुग्णालय आलं की ड्रायव्हर निघून आपल्या कामाला जातो, परतीला दुसराच कुणी येतो.

यावर आक्षेप असा की ही दयेची सेवा आहे, तिने व्यवस्था बदलत नाही; मुळात नाका नसता तर ड्रायव्हर कशाला लागला असता? आक्षेप खरा आहे. पण केमोची तारीख नाका उठेपर्यंत थांबत नाही, हेही खरं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेव, एकाने दुसरं खोडू नकोस. आणि हेही लक्षात घे की गाझाच्या कुंपणालगतच्या किबुत्झांतले, म्हणजे सामुदायिक शेतीवस्त्यांतले, बरेच जण याच कामात होते. निर ओझचे ओदेद लिफशित्झ हे निवृत्त पत्रकार गाझाच्या रुग्णांना असेच नेत असत. ७ ऑक्टोबर २०२३ ला त्यांना पळवून नेलं, कैदेतच ते गेले, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह परत आला. बेएरीच्या विव्हियन सिल्व्हर कॅनडातून आलेल्या. २०१४ च्या गाझा युद्धानंतर 'विमेन वेज पीस' ज्यांनी उभी केली त्यांतल्या एक. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी या संघटनेने 'विमेन ऑफ द सन' या पॅलेस्टिनी बायकांच्या संघटनेबरोबर जेरुसलेममध्ये आणि मृत समुद्राच्या काठी एकत्र कार्यक्रम केला. तिसऱ्या दिवशी विव्हियन घरातच मारल्या गेल्या. ओळख पटायला महिन्याहून जास्त लागला. तोवर सगळे त्यांना ओलीस धरलेल्यांत मोजत होते. 'बघा, शांतता शांतता करणाऱ्यांचं काय झालं,' असं त्यांच्या नावाने ऐकवणारे तुला भेटतील. त्यांना विव्हियनच्या मुलाची, योनातानची, भाषणं ऐकायला सांग. आई गेल्यावर तो स्वतः याच कामात उतरला.

७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतर गाझात ६० हजारांहून अधिक माणसं गेली, असं तिथलं आरोग्य मंत्रालय सांगतं. ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीने हा आकडा मागे फिरत नाही. हे आकडे तोंडपाठ असू देत, पण समोरच्याला गप्प करायला वापरू नकोस.

आता जो भाग तुला सगळ्यात जड जाईल त्याकडे येते. पुष्कळ पॅलेस्टिनी तरुण तुला भेटायलाच नकार देतील. तुला नाही, तुझ्या विषयाला. इस्रायलींबरोबर एकत्र बसून 'आम्ही बोलतोय' असं दाखवणं म्हणजे ताबा नेहमीचाच मानून चालणं, असं ते म्हणतात. त्यासाठी त्यांच्याकडे 'तत्बी' हा शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरतात. याला कट्टरपणा म्हणून मोकळी होऊ नकोस. नव्वदच्या दशकात काय झालं ते बघ. १३ सप्टेंबर १९९३ ला ओस्लोचा हस्तांदोलनाचा फोटो निघाला. त्यानंतर युरोप-अमेरिकेतून भेटीगाठींच्या कार्यक्रमांना भरपूर पैसा आला: शिबिरं, फुटबॉल, एकत्र चित्रं काढणं. त्याच काळात वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतकऱ्यांची संख्या पूर्व जेरुसलेम वगळून सुमारे १ लाख १० हजारांवरून २००० पर्यंत १ लाख ९० हजारांच्या आसपास गेली. आज ती पाच लाखांच्या घरात आहे. पोरं एकमेकांची नावं शिकत होती आणि त्यांच्या टेकड्यांवर घरं चढत होती. असील अस्ले हा इस्रायलचाच अरब नागरिक, अराबा गावचा, सतरा वर्षांचा. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र आणणाऱ्या 'सीड्स ऑफ पीस'च्या अमेरिकेतल्या शिबिराला जाऊन आलेला, ज्यू मित्रांना भरभरून लिहिणारा. ऑक्टोबर २००० मध्ये इस्रायली पोलिसांच्या गोळीने तो गेला, तेव्हा अंगात त्याच शिबिराचा हिरवा टी-शर्ट होता. ज्या पिढीने हे पाहिलं ती संवादाला हसली तर तिचा दोष काढायला मला तोंड नाही. जो भेटायला येत नाही त्याचंही एक प्रकरण प्रबंधात असू दे. त्याच्या नकाराचं कारण त्याच्याच शब्दांत लिही, तुझी मल्लिनाथी नको.

आपल्याकडे हा विषय निघाला की चहाच्या दुसऱ्या कपाला एक प्रश्न हमखास येतो: पॅलेस्टिनींमध्ये कुणी गांधी का झाला नाही? प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक बेत साहूर माहीत नसतं. बेथलेहेमजवळचं हे ख्रिस्ती बहुसंख्येचं गाव. पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, १९८९ मध्ये, आम्हाला प्रतिनिधित्व नाही तर आम्ही करही भरणार नाही, असं गावाने जाहीर केलं. लष्कराने गावाला वेढा घातला, फोन तोडले, घराघरांतून फ्रीज, टीव्ही, शिवणयंत्रं, दुकानांतला माल उचलून नेला. सहा आठवडे हे चाललं. गावाने दगडही मारला नाही आणि करही भरला नाही. बार्डोलीचा सत्याग्रह शाळेत शिकलेल्या माणसाला यात काय नवीन? त्याआधी वर्षभर, १९८८ मध्ये, अहिंसक प्रतिकाराचे धडे देणारे मुबारक अवाद यांना इस्रायलने हद्दपार केलं. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या माणसाला, राहण्याचा परवाना संपला म्हणून. बघ, इथेही कागदच.

बिलईन तर तुझ्या आराखड्यात यायलाच हवं, कारण तिथे हातात काहीतरी पडलं. रामल्लाच्या पश्चिमेचं छोटं गाव. इस्रायलने विभाजक कुंपण गावाच्या जमिनीतून असं आखलं की निम्म्याहून जास्त शेतं पलीकडे, मोदीइन इल्लित वसाहतीच्या बाजूला गेली. २००५ पासून दर शुक्रवारी नमाज झाला की गाव कुंपणाकडे चालत जायचं. सोबत इस्रायली तरुण, परदेशी पाहुणे. अश्रुधूर ठरलेला, आणि पोरांनी फेकलेले दगडही व्हायचे, ते झाकू नकोस. त्याच वेळी गाव इस्रायली वकील घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालय म्हणालं, या आखणीला सुरक्षेचं पटण्याजोगं कारण दिसत नाही, मार्ग बदला. बदलायला सरकारने २०११ उजाडवलं. मधल्या काळात बासेम अबू रहमे छातीवर अश्रुधुराची नळकांडी बसून गेला, एप्रिल २००९ मध्ये. आंदोलनाचे एक संयोजक तुरुंगात गेले. शेवटी काही जमीन परत आली, सगळी नाही. वसाहत आहे तिथेच आहे. मला विचारशील तर यश कसं दिसतं हे बिलईनने दाखवलं. काही एकर ऑलिव्ह, निकालाची प्रत आणि एक कबर. फोटोत मावण्यासारखं त्यात काही नाही. पण रस्त्यावरची माणसं, न्यायालयातला वकील आणि पलीकडून आलेले साथी, तिन्ही एकाच मागणीवर जमले म्हणून कुंपण हललं. नुसत्या भेटीगाठींनी एक खांबही कधी हललेला नाही.

हाच निकष 'स्टँडिंग टुगेदर'ला लावून बघ. ज्यू आणि अरब इस्रायली नागरिकांची ही चळवळ २०१५ ची. मे २०२४ मध्ये हेब्रॉनजवळच्या तर्कूमिया नाक्यावर उजव्या टोळक्यांनी गाझाला जाणाऱ्या मदतीच्या ट्रकांतली पोती फाडून पीठ रस्त्यावर ओतलं. यांनी स्वयंसेवकांचा पहारा उभा केला, पोलिसांना मध्ये पडायला लावलं, ट्रक पुढे गेले. काम छोटं, पण मोजता येण्याजोगं. यांच्यावरही टीका आहे, ती ऐकून घे. इस्रायलच्या आतलं राजकारण बदलायचं त्यांचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे रामल्लातल्या माणसाला ते आपले वाटतीलच असं नाही.

पण हे सगळे प्रयत्न मतपेटीपर्यंत का पोचत नाहीत, याचा छडा लावल्याशिवाय तुझा प्रबंध पुरा होणार नाही. १९९२ मध्ये, १२० जागांच्या इस्रायली संसदेत, पुढे ओस्लो करार करणाऱ्या यित्झाक रबिन यांच्या मजूर पक्षाला ४४ जागा होत्या आणि त्यांच्या डावीकडच्या मेरेत्झला १२. २०२२ मध्ये मजूर पक्ष ४ वर आला आणि मेरेत्झ संसदेबाहेर. मधे काय काय झालं त्याचा क्रम लाव. फेब्रुवारी १९९४: हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतकऱ्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारलं. त्यानंतर हमासचे बसमधले स्फोट. ४ नोव्हेंबर १९९५: शांतता मेळाव्यातून बाहेर पडताना रबिन यांचा खून, मारेकरी ज्यूच. १९९६ च्या सुरुवातीला आणखी स्फोट, आणि मे महिन्यात कराराचे विरोधक नेतान्याहू निसटत्या मतांनी निवडून आले. दोन्हीकडच्या करार नको असलेल्यांनी एकमेकांना न भेटता, न बोलता, किती चोख साथ दिली बघ. त्यांना परमिट लागलं नाही.

पॅलेस्टिनींकडे तर पेटीच उघडत नाही. महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये अध्यक्ष म्हणून चार वर्षांसाठी निवडून आले, ते अजून आहेत. संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ मध्ये झाली, ती हमासने जिंकली. पुढच्या वर्षी गाझा आणि वेस्ट बँक वेगळे पडले. २०२१ मध्ये निवडणूक जाहीर होऊन रद्द झाली. म्हणजे २००६ मध्ये जे अठराचे नव्हते त्यांनी आजवर आपलं सरकार निवडलेलं नाही. अशा तरुणाला 'तुमचं नेतृत्व शांततेसाठी काय करतंय' हा प्रश्न विचारू नकोस. तो हसेल, आणि ते हसणं तुला प्रतिलेखात कसं लिहायचं ते कळणार नाही.

एक वेगळं, खास तुझ्यासाठी. इस्रायलमधल्या लोद आणि रामला (रामल्ला नव्हे) या गावांत तुला मराठी ऐकू येईल. कोकणातून गेलेले बेने इस्रायल ज्यू तिथे, अश्दोदला, दिमोनाला वसले. एकेकाळचे आपले शनवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवलं. म्हाताऱ्या आजी तुला पोहे, खोबरं, फळं घातलेला मलिदा खायला घालतील आणि अलिबागेबद्दल विचारतील. महिनाभर परक्या भाषांत राहिल्यावर हे इतकं गोड वाटेल की वही बॅगेतच राहील. ती काढ. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली आणि यांच्या लग्नसंबंधांना अटी घातल्या. १९६४ मध्ये हे जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा संसदेने यांची बाजू घेतली. समान वागणूक मागून मिळवावी लागते, हे त्या घरांत माहीत आहे. आणि तेच लोद जुलै १९४८ मध्ये अरबांचं लिद्दा होतं. इस्रायली सैन्याने तिथल्या बहुतेक सगळ्यांना बाहेर काढलं, उन्हातान्हात चालत. मे २०२१ मध्ये याच गावात ज्यू-अरब दंगल पेटली. अरब मूसा हस्सूना गोळीने गेला, ज्यू यिगाल येहोशुआ दगडाने. यिगालचं मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवलं. त्या आजींना हे सगळं ऐकवून वाद घालायला तू गेलेली नाहीस. त्यांच्या इमारतीत अरब शेजारी कोण, दंगलीच्या रात्री कोण कुणाच्या घरी थांबलं, एवढं विचार आणि ऐक. हे मराठीतून विचारू शकणारे संशोधक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

तुझ्या मामांनी घरच्या ग्रुपवर काय पाठवलं ते तू लिहिलंयस. आपल्या गल्लीतलं भांडण तिकडच्या झेंड्यांखाली लढायची हौस आपल्याकडे दोन्ही बाजूंना आहे. त्यांना उत्तर देत बसू नकोस. तिकडून फोटोही पाठवू नकोस, कुणाचेच. संयुक्त बैठकीतला एक फोटो फिरला की पॅलेस्टिनी माणसाला गावात गद्दार म्हणतात, इस्रायलीला कचेरीत. मुलाखतींत नावं बदल, गावंही बदल. नोंदी फोनमध्ये ठेवू नकोस, विमानतळावर फोन उघडायला लावतात. मुक्काम एकाच बाजूला करू नकोस. काही आठवडे बेथलेहेमला राहा, काही पश्चिम जेरुसलेमला. मधलं अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही, पण तू भारतीय पासपोर्ट दाखवून बसने पलीकडे जाशील तेव्हा तुझ्याच बसमधून स्थानिक माणसांना तपासणीसाठी खाली उतरवलेलं बघशील. त्या क्षणी तू कुठल्या बाजूची असतेस, ते पहिल्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिही. मार्गदर्शक ते काढायला लावतील, तरी लिही.

प्रश्नावली बरी आहे, फक्त सातवा प्रश्न काढ. 'तुम्ही समोरच्याला माफ केलंत का?' हे ज्यांचं मूल गेलंय त्यांना विचारायचा हक्क तुला-मला नाही. या लोकांपैकी बरेच जण माफ न करताच काम करतात, आणि ते त्यांना पुरतं. बाराव्या प्रश्नात 'दोन्ही समाजांतील गैरसमज' म्हटलंयस, तिथे 'गैरसमज' काढून 'तक्रारी' घाल. अरबीचा वर्ग चालू ठेव. हिब्रू निदान पाट्या वाचण्यापुरती शिकून जा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे असशील असं तिकीट काढ. ऑलिव्ह तेव्हा उतरवतात. 'रॅबाइज फॉर ह्युमन राइट्स' या ज्यू धर्मगुरूंच्या संघटनेचे लोक वसाहतकऱ्यांपासून आडोसा म्हणून शेतांत उभे राहतात आणि त्यांना हातांची गरज असते. शिडीवर चढता येतं ना तुला?

सुधारलेला आराखडा पंधरा दिवसांत पाठव, म्हणजे विभागाच्या बैठकीआधी मला वाचता येईल.

तुझी,
बाई